वाटेवर पसरलेला हात

(पिंगळी, जि. परभणी येथे कार्यकर्त्यांसमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



अभ्यासवर्गात जमीनसुधारणा, सहकार, कापसाचा भाव हे विषय नेहमीचे असतात. रस्त्याने जाता-येता अनोळखी माणसाने पैसे मागितले तर काय करावे, हा विषय त्या पंक्तीत बसवला की श्रोत्यांच्या चेहऱ्यावर स्मित उमटते. तथापि कार्यकर्त्याचे निम्मे आयुष्य रस्त्यावर जाते, आणि या प्रश्नाशी त्याची जितक्या वेळा गाठ पडते तितकी दुसऱ्या कोणत्याही आर्थिक प्रश्नाशी पडत नाही. पिंगळीहून कचेरीच्या कामासाठी परभणीला निघालेला माणूस दिवस मावळता घरी येईपर्यंत त्याच्यापुढे चार-पाच हात पसरून झालेले असतात. बसस्थानकावरची म्हातारी असते. ‘खिसा कापला, गंगाखेडपर्यंतच्या भाड्याचे बघा’ म्हणणारा, अंगावर बरे कपडे असलेला तरुण असतो. पेन विकता विकता पेनाचे सोडून नुसते पैसेच मागणारी पोरे असतात. टाळी वाजवून आशीर्वाद देणारे तृतीयपंथी असतात. सणासुदीचे दिवस असले तर रस्त्याला दोरी आडवी धरून वर्गणी मागणारे तरुणही असतात. प्रत्येक वेळी निकाल अर्ध्या मिनिटात द्यायचा असतो, आणि तो देताना माणूस आपले सारे अर्थशास्त्र, सारा धर्म आणि सारी भीती नकळत बोलून टाकतो.

सर्वसाधारणपणे दोन पक्ष दिसतात. एक पुण्यासाठी देणारा. नाणे टाकून तो मोकळा होतो आणि ज्याच्या हातात ते पडले त्याच्याकडे पाहतही नाही. दुसरा न देणारा. त्याच्याकडे कारणे तयार असतात. यांची टोळी असते, एकाला दिले की दहा जमतात, धडधाकट आहे मग काम का करीत नाही? दोघांचे वर्तन निरनिराळे असले तरी एका बाबतीत दोघे सारखेच आहेत. मागणारा पात्र की अपात्र हे ठरविण्याचा अधिकार आपल्याला आहे, असे दोघेही धरून चालतात. वस्तुतः अर्ध्या मिनिटात ते कोणालाच कळत नाही. न्यायाधीशाला साक्षीपुरावा लागतो, तलाठ्याला उत्पन्नाच्या दाखल्यासाठी कागद लागतात. मग खिडकीतून डोकावणाऱ्या प्रवाशाला ते एका नजरेत कसे कळावे? म्हणून त्या परीक्षेचा हट्टच सोडावा. द्यायचे असेल तर चौकशीचा अपमान न जोडता द्यावे. नसेल द्यायचे तर डोळ्याला डोळा देऊन, शिवी न देता, ‘नाही’ म्हणावे. देण्याचे कर्ज कोणावर नाही. अपमान करण्याची मुभाही कोणाला नाही.

‘पैसे देऊ नका, वस्तू द्या, पैशाची दारू होते’ हा सल्ला सुशिक्षितांत फार लोकप्रिय आहे. ॲडम स्मिथने १७७६ च्या आपल्या ग्रंथात बाजाराचे तत्त्व सांगताना भिकाऱ्याचेच उदाहरण घेतले होते: दान म्हणून मिळालेल्या पैशातून तोदेखील इतरांप्रमाणे बाजारात जाऊन आपल्या गरजेची वस्तू विकत घेतो. भांडवलशाहीच्या आद्य पुरस्कर्त्याने भिकाऱ्याला ग्राहक मानले, आणि समतेची भाषा बोलणारे आपण मात्र त्याला वडापाव की केळे हे ठरवून देतो. जेम्स बुकॅनन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७५ साली उलट बाजू मांडली. मदतीची खात्री असली की मदत घेणारा स्वतःचे प्रयत्न कमी करतो आणि देणारा पेचात सापडतो, असे त्याचे म्हणणे. तर्क म्हणून ते चुकीचे नाही. पण परभणीच्या बसस्थानकावर दिवसभर उन्हात बसून जे मिळते त्याला ‘खात्रीची मदत’ म्हणायचे असेल, तर शेतकऱ्याच्या पावसालाही खात्रीचे सिंचन म्हणावे लागेल.

काही मागण्या अशा असतात की तिथे रोख रकमेचा प्रश्नच उरत नाही. गरज सांगितलेली असते आणि ती जागेवरच भागवता येते. भाड्याचे पैसे मागणाऱ्याबरोबर एस.टी.पर्यंत चालत जावे आणि वाहकाकडून त्याचे तिकीट काढून द्यावे. खरा असेल तर तो गाडीत बसेल. खोटा असेल तर दहा पावलांत काहीतरी निमित्त काढून निघून जाईल, आणि कोणाची मानखंडना न होता प्रकरण मिटेल. ‘अपघात झाला, दवाखान्याला पैसे द्या’ म्हणणाऱ्यासाठी १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीने जखमीला मदत करणाऱ्याला दिवाणी-फौजदारी झळ लागणार नाही असे संरक्षण दिले आहे, हे अजून पुष्कळांना ठाऊक नाही. रात्री निर्जन रस्त्यावर कोणी गाडी थांबवीत असेल तर पुढच्या वस्तीवर किंवा धाब्यावर थांबून ११२ ला कळवणे यात भित्रेपणा नाही. पितळेचा दागिना सोन्याचा म्हणून गळ्यात मारणारे, ‘एकच फोन करू द्या’ म्हणून मोबाईल घेऊन पळणारे, खात्यात चुकून पैसे आले म्हणून परत मागणारे लोक रस्त्यावर आहेतच. त्यांना ओळखून नकार देण्यासाठी कोणत्याही तत्त्वज्ञानाची गरज नाही. लहान मुलाच्या हातावर मात्र पैसे ठेवू नयेत. मूल जितके कमावते होते तितके ते शाळेपासून दूर जाते, आणि त्याला रस्त्यावर उभे करणाऱ्याचा हिशेब पक्का होत जातो. त्याला खायला द्यावे, नाव विचारावे, आणि १०९८ या बालकांसाठीच्या क्रमांकावर कळवावे.

इथवरच्या गोष्टी शिष्टाचाराच्या झाल्या. खरा विषय याच्या पलीकडे सुरू होतो.

रस्त्यावर हात पसरणाऱ्यांत एक मोठा वर्ग असा आहे, की ज्याला महाराष्ट्राने शतकानुशतके ‘भिकारी’ म्हटले नाही. वासुदेव, गोंधळी, पिंगळा, पांगुळ, नंदीबैलवाले, बहुरूपी, पोतराज, मसणजोगी, डवरी गोसावी. पिंगळीच्या लोकांना पिंगळा कोण हे सांगण्याची गरज नसावी. पहाटे कुडमुडे वाजवीत दारी येऊन शकुन सांगणारा तो माणूस जुन्या मंडळींनी पाहिलेला आहे. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ या १९१५ च्या पुस्तकात अशा फिरस्त्यांची सविस्तर नोंद आहे, आणि आत्र्यांची दृष्टी त्यांच्याविषयी सहानुभूतीची नाही. कुणब्याच्या खळ्यावर पडणारा भार म्हणून ते त्यांच्याकडे पाहतात. त्यांची तक्रार कुणब्याच्या बाजूने खरीही होती. पण त्या काळी मागणाऱ्याची आणि देणाऱ्याची ओळख होती. कोणत्या महिन्यात कोण येणार, कोणाला पसाभर द्यायचे, कोणाला सूपभर, हे ठरलेले होते. तो समाजाचा करमणूक-खर्च होता, धर्म-खर्च होता, आणि थोडासा विमाही होता. त्यात गुलामी नव्हती असे मात्र कोणी समजू नये. १९२७ च्या मार्चमध्ये महाडच्या परिषदेत डॉ. आंबेडकरांनी शिळे-उष्टे मागून खाणे आणि मृत जनावराचे मांस सोडून देण्याचे आवाहन केले, ते याच गावगाड्याच्या दुसऱ्या टोकाला उभे राहून. मागून खाण्याची वहिवाट ही जातीची बेडी होती, आणि ती तोडल्याविना हक्काची भाषा सुरू होणार नव्हती.

ती व्यवस्था मोडली हे चांगलेच झाले. प्रश्न असा, की तिच्यातून बाहेर पडलेल्यांच्या हाती काय पडले? खळी गेली, मळणी यंत्रावर आली, सोयाबीन शेतातून थेट आडतीवर जाऊ लागले. पसाभर देण्यासाठी दारात धान्याची रासच उरली नाही. करमणूक आधी रेडिओने नेली, मग दूरचित्रवाणीने, आता मोबाईलने. गिरणी बंद पडली तर कामगाराला निदान भरपाईचा दावा करता येतो. गोंधळ्याचा, बहुरूप्याचा धंदा बुडाला त्याची भरपाई कोणी मागितली नाही, कारण तो धंदा होता हेच कोणी मान्य केले नव्हते. ज्यांच्याजवळ जमीन नाही, गाव नाही, त्यामुळे रहिवासाचा दाखला नाही, ती माणसे वाड्यातून निघून रस्त्यावर आली, बसस्थानकावर आणि टोलनाक्यावर आली. पूर्वी ज्याला नावाने ओळखत असत तो आता ‘अनोळखी’ झाला. बाळकृष्ण रेणके यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय आयोगाने भटक्या-विमुक्तांच्या स्थितीविषयी २००८ साली अहवाल दिला. घर, शिक्षण, ओळखपत्र यांविषयी त्यात पुष्कळ सांगितले होते. अहवालांचे आपल्या देशात जे होते तेच त्याचेही बव्हंशी झाले.

आणि कायद्याने या माणसाकडे कसे पाहिले? १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने कित्येक भटक्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले होते. स्वतंत्र भारताने तो कायदा १९५२ साली रद्द केला. त्यानंतर सातच वर्षांत मुंबई राज्याने भीक प्रतिबंधक कायदा केला. १९५९ चा हा कायदा कार्यकर्त्यांनी एकदा मुळातून वाचावा. सार्वजनिक जागी गाणे, नाच, भविष्यकथन किंवा कसरत करून पैसे घेणे, किरकोळ वस्तू विकण्याच्या मिषाने मागणे, जखम किंवा व्यंग दाखवणे, इतकेच काय, उपजीविकेचे दिसण्याजोगे साधन नसताना भटकणे, हे सारे त्यात ‘भीक’ ठरते. पोलिसाला वॉरंटविना अटक करता येते. पहिल्या वेळी एक ते तीन वर्षे, आणि पुन्हापुन्हा सापडल्यास दहा वर्षांपर्यंत भिक्षेकरीगृहात डांबता येते. म्हणजे वासुदेव, नंदीबैलवाला, डोंबारी या सर्वांची कला एका कलमाने गुन्ह्यात जमा झाली. दिल्लीला लागू असलेल्या याच कायद्याची गुन्हा ठरविणारी कलमे दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये घटनाबाह्य ठरवली. माणसाला अन्न-निवारा पुरविण्यात शासन कमी पडले म्हणून तो मागतो, त्यालाच शिक्षा कशी, असा त्या निकालाचा आशय होता. २०२१ च्या जुलैमध्ये, रस्त्यावरून भिकाऱ्यांना हटवा अशा मागणीचा विचार करण्यास सर्वोच्च न्यायालयानेही नकार दिला. ज्या महाराष्ट्रात हा कायदा जन्मला तिथे मात्र तो अजून पुस्तकात आहे.

याउलट दोरीवाल्यांकडे पाहा. उत्सवाच्या निमित्ताने रस्त्याला दोरी बांधायची, मालमोटार अडवायची, पन्नास-शंभर घेतल्याशिवाय सोडायची नाही. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेच्या १९५० च्या कायद्यानुसार अशा वर्गणीसाठी धर्मादाय आयुक्तांच्या कचेरीची परवानगी लागते, आणि धाक दाखवून पैसे घेणे ही सरळसरळ खंडणी आहे. तरी या पोरांना कोणी भिक्षेकरीगृहात नेल्याचे ऐकिवात नाही. ज्याच्या हातात काहीच नाही त्याला अटक, आणि ज्याच्या हातात दोरी व पाठीशी पुढारी आहे त्याला सलाम. परप्रांतीय ड्रायव्हर तर मुकाट्याने देतो. त्याला पुढच्या नाक्यावरही द्यायचे असते, तिथे मागणारा गणवेशात असतो. या दोन्ही ठिकाणी प्रवाशाने पावती मागावी. पावतीपुस्तक, त्यावर नोंदणी क्रमांक आणि देणाऱ्याचे नाव नसेल तर देऊ नये. ड्रायव्हर एकटा असतो, वाद घालू शकत नाही. अशा वेळी गावचा कार्यकर्ता दोरीपाशी उभा राहिला पाहिजे. मंडळात आपलीच पोरे असतात म्हणून हे काम अवघड आहे, आणि म्हणूनच ते टाळले जाते. झोळी घेऊन निधी जमवण्याची आपल्या चळवळीची जुनी रीत आहे. त्या झोळीत पडलेल्या पैशाचा हिशेब जाहीर होत असे, हा तिच्यातला आणि दोरीतला फरक पोरांना समजावून सांगता येण्यासारखा आहे.

आता अशी एक घटना, की जिच्यामुळे हा विषय शिष्टाचाराच्या सदरात ठेवता येत नाही. १ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यातल्या राईनपाडा गावी आठवडे बाजार होता. सोलापूर जिल्ह्यातून भिक्षा मागत आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथे उतरले. मुले पळवणारी टोळी फिरते आहे अशा अफवा त्या दिवसांत मोबाईलवरून गावोगाव पोहोचल्या होत्या. देशभर फिरलेल्या अशा चित्रफितींपैकी एक तर कराचीत मुलांच्या सुरक्षिततेसाठी केलेल्या जाहिरातीतून कापून घेतलेली होती. पाचांपैकी एकजण एका लहान मुलीशी बोलला, एवढे निमित्त पुरले. जमावाने त्यांना पकडले, ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडले आणि तिथेच ठेचून मारले. पाचही जण मेले. त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने जमावाच्या हत्यांविरुद्ध राज्यांना निर्देश दिले. राईनपाडा पहिलेही नव्हते. २०१२ साली नागपूरच्या कळमना भागात नाथजोगी समाजाचे तीन बहुरूपी असेच जमावाच्या हातून मेले होते.

राईनपाड्याचे लोक राक्षस होते असे म्हणून सुटका करून घेता येईल, पण ते खरे नाही. ते गरीब आदिवासी गाव, बाजाराला आलेली माणसेही तशीच, आणि मेलेले त्यांच्याहून गरीब. पोराबाळांसाठी वाटणारी भीती खोटी नव्हती. तिला लावलेले नाव खोटे होते. गरिबाने गरिबाला मारले, आणि ते कोठे? गावाच्या लोकशाहीच्या घरात, ग्रामपंचायतीच्या चार भिंतींत. त्या गर्दीत पुढे होऊन ‘थांबा, पोलिसांना येऊ द्या’ असे ठामपणे म्हणणारी, गावाने ज्यांचे ऐकावे अशी दहा माणसे वेळेवर एकत्र आली असती तर काय झाले असते, हा प्रश्न कोणत्याही पक्षाच्या कार्यकर्त्याला झोप लागू देणारा नाही. अशी माणसे आयत्या वेळी तयार होत नाहीत. रोज खिडकीतून ‘चोर आहेत साले’ म्हणणारा प्रवासी, घरी मुलाला ‘झोळीवाला घेऊन जाईल’ असे भिववणारी आई, खात्री न करता संदेश पुढे ढकलणारा तरुण, यांनी मिळून तो जमाव फार आधीपासून जमवत आणलेला असतो.

‘मग भीक चालूच ठेवायची का?’ असे विचारले जाईल, आणि गाडगेबाबांचे नाव हमखास घेतले जाईल. बाबा गावात शिरले की आधी झाडू हाती घेत आणि मगच भाकरी घेत, हे खरे. पण ज्याला झाडू धरता येत नाही त्याच्यासाठी त्याच बाबांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे धर्मशाळा उभारल्या, ही गोष्ट सांगताना गाळली जाते. ‘काम का करीत नाही’ हा प्रश्न विचारण्याचा अधिकार काम देणाऱ्यालाच असतो, आणि महाराष्ट्राने एकदा तो अधिकार कमावला होता. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्याची जनावरे दावणीला मेली, विहिरी कोरड्या पडल्या; पण १९७३ च्या मे महिन्यात राज्यात जवळजवळ ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. खडी फोडून, बांध घालून मजुरी घेणाऱ्या त्या माणसांना कोणापुढे हात पसरावा लागला नाही. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या रोजगार हमीचा कायदा १९७७ साली झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. मागेल त्याला काम हा त्याचा गाभा. ‘मागणे’ हे क्रियापद तेच आहे, कर्म तेवढे बदलले. त्या कामावर मजुराने केलेल्या मागणीला कोणी भीक म्हटले नाही, कारण मागणाऱ्याच्या पाठीशी कलम होते.

कलम नसले की काय होते तेही याच लोहमार्गाने पाहिले आहे. पिंगळीच्या स्टेशनावरून जाणारा हा मार्ग पुढे परभणी, जालना, औरंगाबाद म्हणजे आताचे छत्रपती संभाजीनगर, असा मनमाडला जातो. २०२० च्या टाळेबंदीत जालन्याच्या पोलाद कारखान्यातले मध्य प्रदेशचे मजूर गावी जाण्यासाठी याच रुळांवरून पायी निघाले. ८ मेच्या पहाटे करमाडजवळ रुळांवरच झोप लागलेल्या १६ जणांवरून मालगाडी गेली. रुळांवर त्यांच्या भाकऱ्या पडल्या होत्या. ही कमावती माणसे होती. महिना-दीड महिना मजुरी थांबताच ती वाटेवरचे ‘अनोळखी’ झाली. खिडकीत बसलेला आणि खिडकीखाली उभा असलेला, यांच्यात पुष्कळदा एवढेच अंतर असते. ऊसतोडीला मुकादमाची उचल घेऊन जाणारी आपल्याच जिल्ह्यातली कुटुंबे दुसऱ्या जिल्ह्याच्या रस्त्यावर कोणाच्या तरी नजरेत ‘अनोळखी’च असतात.

२०११ च्या जनगणनेने देशात सुमारे ४ लाख १३ हजार भिकारी व निराश्रित मोजले. एवढ्या मोठ्या देशाच्या मानाने हा आकडा प्रचंड नाही. एवढ्यांची सोय लावणे शासनाच्या आवाक्याबाहेरचे आहे असे अर्थशास्त्राचा कोणताही विद्यार्थी म्हणणार नाही. १९५९ चा कायदा रद्द करून त्याऐवजी निवारा आणि निर्वाहवेतनाचा कायदा आणा, ही मागणी पक्षाने विधानसभेच्या पातळीवर रेटली पाहिजे. पण पिंगळीच्या पातळीवरही काम आहे, आणि त्याला मुंबईची परवानगी लागत नाही. फिरत्या लोकांना गावाबाहेर उतरण्याची जागा ठरवून द्यावी. तिथे पाणी आणि दिवा असावा. पूर्वी पोलीस पाटलाकडे अशा लोकांची वर्दी द्यावी लागे आणि तिच्यात संशय भरलेला असे. नोंद ठेवायची तर ती गावाने पाहुणचाराची म्हणून ठेवावी, पोलिसांची म्हणून नव्हे. त्यांच्या मुलांना कागद नाहीत म्हणून शाळेने परत पाठवू नये. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने वयाचा पुरावा नसला तरी प्रवेश नाकारता येत नाही. शिधापत्रिका असेल त्याला दुसऱ्या गावच्या रास्त भाव दुकानातही धान्य मिळते, हे दुकानदाराला आणि त्यालाही सांगावे. नसेल त्याचा अर्ज भरून तहसिलीत स्वतः नेऊन द्यावा. मोबाईलवर अफवा आली तर गावात कोणी कोणाला विचारायचे आणि पोलिसांना कोणी फोन करायचा, ती पाच नावे आजच ठरावीत. त्यांत दोन तरी बायका असाव्यात.

पुढच्या ग्रामसभेची नोटीस फळ्यावर लागण्यापूर्वी उतरण्याच्या जागेचा विषय लेखी स्वरूपात ग्रामपंचायतीकडे गेला पाहिजे. सुगी झाली की नंदीबैलवाले येतील, आणि त्यांना कोठे उतरवायचे हे तेव्हा ठरवायला बसले तर उशीर झालेला असेल.